तराफा बंद

आमच्या खाडीतल्या शिणाण्यांची दर सोमवारी तपासणी होते.
सरकारी बोट येते, एक मुलगी नळी सोडते पाण्यात,
दोरावरून ओंजळभर काळे शिंपले खुडते,
पिशवीवर नंबर घालते, जाते.
शिंपल्याला कुणी विचारत नाही
कुणाचं पाणी प्यालास, किती प्यालास.
पाण्यात विष निघालं की फोन येतो: तराफा बंद.
मग आम्ही पत्ते खेळतो.

मला त्रेचाळीस वर्षांत कुणी तपासलं नव्हतं.

मोआन्यात दवाखाना आहे, माझ्या दारापासून दोनशे पावलांवर.
पण तिथल्या खिडकीत बसते रेमेदिओस, मावसभावाची बायको,
नाव विचारते तेव्हा आख्ख्या बाकाला ऐकू जातं.
काखेत कळसा म्हणा हवं तर.
मी सव्वाआठची फेरीबोट धरली, पलीकडे विगोला,
खिशात आरोग्यकार्ड आणि तयार थाप:
पंपाचा वॉशर आणायला चाललोय.
कुणी विचारलंच नाही. थाप तशीच परत आणली.

नर्सचं नाव डोरिंदा. चष्मा दोरीला बांधलेला.
कधी?
म्हटलं, सान शोआनच्या रात्री.
(त्या रात्री गाव किनाऱ्यावर सार्डिन भाजतं,
शेकोट्यांवरून उड्या मारतं, म्हणतात पुढचं वर्ष निर्धोक जातं.)
ती म्हणाली, त्या रात्रीचे तुम्ही चौथे.
कंडोम?
होता. गाडीत.
आणि गाडी?
वर, चर्चपाशी.
हे तिनं लिहिलं नाही.

कपात लघवी. दंडाला पट्टा, तीन नळ्या.
म्हणाली, एकोणीस दिवसच झालेत,
तुमच्या रक्ताला ती रात्र अजून पुरती कळलेली नाही.
सहा आठवडे भरले की परत या, मग तीन महिन्यांनी.
मला वाटलं होतं, एक दार असेल,
आत जायचं आणि एक उत्तर घेऊन बाहेर यायचं.
उत्तरं हप्त्यांनी मिळतात.

पहिला हप्ता गुरुवारी. क्लॅमिडिया.
सात दिवस, सकाळ-संध्याकाळ एक गोळी, पेलाभर पाण्याबरोबर,
गोळी घेतली की लगेच आडवं व्हायचं नाही,
आणि सात दिवस कुणाबरोबरही आडवं व्हायचं नाही.
हसू आलं, पण फोनवर हसवेना.
शिवाय, म्हणाली, तिला कळवा.
जमत नसेल तर आम्ही कळवू, तुमचं नाव न घेता.

नाव न घेता.
साबेलाला मग माझं एकट्याचंच नाव आठवेल,
किंवा माझं आठवणारच नाही.
दोन्हींत मला काही सुख दिसेना.

डबाबंद माशांच्या कारखान्यात तिची जेवणाची सुट्टी दीडला.
मागे यंत्र धडधडत होतं. मी तो शब्द दोनदा सांगितला,
दुसऱ्यांदा ओरडून,
आणि आमच्या धक्क्यावर जाळी विणणारे तिघं
विणायचे थांबले.
एवढं करून रेमेदिओस टाळली होती.

तिनं आधी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या.
मग म्हणाली, मला तर काहीच होत नाहीये.
मलाही होत नव्हतं.
यंत्र. यंत्र.
मग: फेरीबोट कितीची?
सव्वाआठची, म्हटलं. उजवीकडे बस,
डावीकडे पाणी उडतं.
तिनं ठेवला. थँक्यू वगैरे काही नाही.

ऑगस्टात खाडी तांबडी झाली, तराफे बंद.
शिंपल्यांना गोळी नाही.
ते दोराला लटकून नवं पाणी आत घेतात, बाहेर सोडतात,
कुणी म्हणत नाही की त्यांची अब्रू गेली.

दुसऱ्यांदा रक्त देऊन आलो, शुक्रवारी.
सोमवारी ती मुलगी आली, मी दोर वर ओढून धरला.
बाही वर सरकलेली, दंडावर पट्टी तशीच.
तिनं ती पाहिली,
पिशवीवर नंबर घातला,
म्हणाली, निकाल गुरुवारी.
शिंपल्यांचाच सांगत असणार.